वहिनीला कावीळ, राधानगरीकडच्या वैद्यांकडं न्यावं का?

प्रश्न: वहिनीला पाचवा महिना चालू हाय, त्यात कावीळ झालीया. आई म्हणतीया राधानगरीकडं एक वैद्य हायत, नाकात झाडपाल्याचे थेंब सोडत्यात, न्यावं का ओ?

उत्तर १: भावा आधी कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात ने. गरोदरपणात हेपॅटायटिस ई (घाण पाण्यातनं होणारी विषाणूची कावीळ) जिवावर बेतू शकतो, बिलिरुबिन (कावीळ किती हाय ते) आणि पीटी-आयएनआर (रक्त नीट गोठतंय का ते) ह्या रक्ताच्या तपासण्या आजच कर.

उत्तर २: माझी आज्जी भुईआवळा ताकात वाटून द्यायची, मला झाडपाला देणाऱ्या माणसांबद्दल आदरच हाय, पण हेपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरती आणि गुण औषधाला जातो. ते थेंब बहुतेक देवडांगरी नावाच्या रानवेलीचे असत्यात, नाकातनं पिवळं पाणी वाहतं, लोकांना वाटतं कावीळच बाहेर पडली, खरं तर ती नाकाची आग असती. गरोदर बाईला अजिबात नको!

प्रश्नकर्ता: आईला समजावलं, निघालोय. घरात सगळ्यांचं पाणी पण उकळूनच चालू केलंय.