मुलांनी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत जावे का?

गोदाकाठ (न्यू जर्सी)

आमच्या मुलीने यंदा एका मोठ्या राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला असून जानेवारीत होणाऱ्या सोरॉरिटीच्या 'रश'मध्ये भाग घेण्याची तिची इच्छा आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत हा विषय निघाला की दोनच उत्तरे कानावर येतात: 'आपल्या घरात असले चालणार नाही' किंवा 'सगळेच करतात, करू दे'. मुलांना यांपैकी एकही उत्तर पटत नाही, आणि पटावे असे त्यांत काही नसतेही. म्हणून मी माझे मत कारणांसह मांडते. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

भारतातील वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फ्रॅटर्निटी ही मुलग्यांची आणि सोरॉरिटी ही मुलींची संघटना. नाव ग्रीक अक्षरांचे, शाखा देशभर, प्रवेश निवडीने आणि सभासदत्व आयुष्यभराचे. १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात या प्रथेला आजचे रूप येऊ लागले. आधी 'रश', म्हणजे एकेका संघटनेच्या घरी जाऊन ओळखी करून घेणे; मग 'बिड', म्हणजे त्यांचे बोलावणे; आणि नंतर काही आठवड्यांचा 'प्लेज' काळ, ज्याच्या शेवटी गुप्त विधी होऊन सभासदत्व मिळते.

माझा आक्षेप आहे तो या प्लेज काळावर. अठरा वर्षांचे मूल घरापासून दूर, हजारो अनोळखी चेहऱ्यांत येऊन पडलेले असते, आणि त्याला आपल्यात घ्यायचे की नाही हे ठरवणारी मुले त्याच्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी असतात. त्या घरात त्यांच्यावर कोणाचा अंकुश असतोच असे नाही. 'नको' म्हणण्याचा हक्क कागदावर असतो, पण तो वापरला तर आजवरचे सगळे पाण्यात जाईल हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरी टिमथी पियाझा या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला, बिड स्वीकारण्याच्या रात्रीच, अल्पावधीत भरमसाट दारू पाजण्यात आली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला, आणि घर मुलांनी भरलेले असताना मदतीसाठी फोन गेला तो सुमारे १२ तासांनी; पुढे त्यातच तो मरण पावला. नियमानुसार ते घर दारूमुक्त होते. घरातल्या कॅमेऱ्यांत ती रात्र टिपली गेली नसती, तर त्या तासांत काय घडले हे त्याच्या आईवडिलांना कदाचित कधीच कळले नसते.

पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये त्याच्या नावाने छळविरोधी कायदा केला. 'त्याची स्वतःची संमती होती' हा बचाव त्या कायद्यापुढे चालत नाही, आणि मला ही तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याला स्वीकारले जावे या ओढीपोटी दिलेला होकार हा मोकळ्या मनाने दिलेला होकार नसतो. निदान पहिल्या वर्षी तरी मुलांनी यात पडू नये, असे माझे ठाम मत आहे.

रानजाई (टेक्सास)

गोदाकाठताई, आपली काळजी खरी आहे आणि पियाझा प्रकरणाबद्दल आपण लिहिलेले सर्व बरोबर आहे. तरीही आपण एका प्रकारच्या घरावरून सगळ्यांचा निवाडा करत आहात, असे मला वाटते.

मी विद्यार्थिनी असताना दक्षिण आशियाई मुलींच्या एका सोरॉरिटीत होते. अशा संघटना का निघाल्या हे आपल्या लोकांना फारसे माहीत नसते. ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा या दोन्ही सोरॉरिटी १९९८ सालच्या. त्या काढणाऱ्या मुली तुमच्या-आमच्यासारख्या घरांतल्या होत्या. त्याआधीचा इतिहास तर अधिक बोलका आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली, कारण त्या विद्यापीठात त्यांना एकमेकांखेरीज आधार नव्हता. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात अल्फा काप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय स्त्रियांची पहिली सोरॉरिटी निघाली, जिच्या कमला हॅरिस सभासद आहेत. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांनी स्वतःचे घर बांधले. या परंपरेला आपण 'गुप्त विधी आणि दारू' एवढ्यात बसवू नये.

माझा अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी वडिलांना नाशिकला हृदयविकाराचा झटका आला. फोन आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. माझी 'बिग', म्हणजे मला सांभाळून घेण्यासाठी नेमलेली वरच्या वर्गातली मुलगी, पायात चपला अडकवून खाली आली आणि तिने मला विमानतळावर नेऊन सोडले. मी परत येईपर्यंत ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रत्येक तासाच्या वह्या वेगवेगळ्या मुलींनी माझ्यासाठी उतरवून ठेवल्या होत्या. पन्नास हजारांच्या विद्यापीठात हे आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी आधीच 'ही आपली' असे ठरवलेले असावे लागते. पहिल्या वर्षी मुलीला एकटी ठेवणे सुरक्षित आहे, हे आपण कशावरून गृहीत धरता?

निळी_शाई (पुणे)

मी पुण्यात शिकवतो. ही चर्चा वाचताना मला आपल्याकडची जुनी चर्चा शब्दशः आठवली. 'त्याने ओळखी होतात, मुलगा धीट होतो, पुढे तेच सीनियर पाठीशी उभे राहतात', हे सगळे युक्तिवाद आपण रॅगिंगच्या बाजूने ऐकले आहेत, आणि तेही चांगल्या शिकलेल्या पालकांकडून. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दोषी विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश न देण्याची तरतूद आहे. तरीही देशभर खडबडून जाग आली ती मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू हा विद्यार्थी दगावल्यानंतरच. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमावली काढली, आणि आता प्रवेश घेताना विद्यार्थी व पालक या दोघांनाही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

आपला कायदा पुरेसा पाळला जातो असे मी म्हणणार नाही; वसतिगृहांतली परिस्थिती मी जवळून पाहतो. पण निदान आपण रॅगिंगला 'बंधुभाव' म्हणून मिरवणे सोडले आहे. अमेरिकेत पैसे भरून, अर्ज करून, आनंदाने त्या रांगेत उभे राहायचे, हे मला समजत नाही.

रानजाई (टेक्सास)

निळी_शाई सर, एक मोठा फरक आपण सोडून दिलात. वसतिगृहात खोली मिळालेल्या मुलाला जायला दुसरी जागा नसते. सोरॉरिटीत जाणारी मुलगी कोणत्याही दिवशी बाहेर पडू शकते, आणि तिची वसतिगृहातली खोली, प्रवेश, शिष्यवृत्ती यांतले काहीही त्यामुळे जात नाही. माझ्या वेळी दोघी मध्येच सोडून गेल्या. पुढची तीन वर्षे आम्ही त्यांच्याबरोबर जेवत होतो.

उत्तरायण (सिअ‍ॅटल)

चर्चेत पैशाचा मुद्दा आला नाही, म्हणून लिहितो. युनियन कॉलेजच्याच अर्थशास्त्रज्ञांनी तेथील माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा फ्रॅटर्निटीत गेल्यामुळे गुणांची सरासरी (चार अंकांच्या मापावर) सुमारे पाव अंकाने घसरते, पण पुढील उत्पन्न ३६ टक्क्यांच्या आसपास वाढते, असा निष्कर्ष निघाला. एका लहान महाविद्यालयाचा तो अभ्यास आहे, सर्वांना लागू होईलच असे नाही. पण मी ज्या क्षेत्रात काम करतो तेथे माणसे कशी घेतली जातात हे मी रोज पाहतो. आपल्या मुलांचे गुण उत्तम असतात, मुलाखतीची तयारी उत्तम असते, आणि तरीही ज्याला आतून कोणीतरी ओळखते तो उमेदवार पुढे जातो. ही ओळख आपल्या पिढीकडे नव्हती. मुले ती मिळवू पाहत असतील तर आपण आड का यावे?

गोदाकाठ (न्यू जर्सी)

सर्वांचे आभार. रानजाई, तुमच्या वडिलांच्या वेळचा प्रसंग वाचून मला तुमच्या मैत्रिणींविषयी आदर वाटला. तो कमी न लेखता दोन गोष्टी मांडते.

आपल्या लोकांच्या संघटना वेगळ्या, हे मला मान्य होत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजमधील एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीने नव्या मुलांना पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात भाड्याच्या घरी नेले. तेथे पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून, पाठीवर जड ओझे देऊन, त्याला थंडीत पुन्हापुन्हा जमिनीवर पाडण्यात आले आणि त्यात तो मरण पावला. तीही संघटना परक्यांच्या देशात एकमेकांना आधार द्यावा म्हणूनच निघालेली होती, आणि त्या रात्रीच्या विधीला अर्थही तोच दिला जात होता, की आपल्या समाजाने सोसलेले तुम्हीही अनुभवा. पुढे न्यायालयाने मुलांबरोबर त्या राष्ट्रीय संघटनेलाही दोषी ठरवले. आपलेपणाच्या नावाने केलेला छळ परक्याच्या छळापेक्षा ओळखायला अवघड असतो, आणि म्हणून मला त्याची भीती अधिक वाटते.

दुसरी गोष्ट खास मुलींच्या आईवडिलांसाठी. बहुतेक जुन्या सोरॉरिटींच्या घरांत दारूला परवानगी नाही, आणि हे ऐकून पालक निश्चिंत होतात. परिणाम मात्र असा होतो की पार्टी मुलग्यांच्या घरी होते. दार कोणाला उघडायचे, पेल्यात काय ओतायचे, वरच्या मजल्यावर कोण जाईल, हे सगळे त्या घरचे मुलगे ठरवतात. १९८४ च्या कायद्यानंतर देशभर दारूचे वय २१ झाले, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना बारमध्ये जाता येत नाही, आणि जेथे कोणी ओळखपत्र पाहत नाही अशी जागा म्हणून फ्रॅटर्निटीच्या घराचे महत्त्व आणखी वाढले. सोरॉरिटीच्या मुली कितीही चांगल्या असल्या तरी त्यांची संध्याकाळ अशी दुसऱ्यांच्या हातात जाते.

उत्तरायण, तुमचा मुद्दा खोडता येत नाही. फक्त जे आतून ओळखतात ते कोणाकोणाला आत घेतात, हेही पाहावे. अलाबामा विद्यापीठात २०१३ पर्यंत जुन्या श्वेतवर्णीय सोरॉरिटींत कृष्णवर्णीय मुलींना जवळजवळ प्रवेशच मिळत नव्हता. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने ते छापले तेव्हा कोठे दारे किलकिली झाली.

ओहायोकर

माझा मुलगा येथील विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका फ्रॅटर्निटीचा सभासद आहे. मी परवानगी दिली, आणि ती देण्यापूर्वी काय तपासले ते सांगतो, कारण 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्येही जागा असते.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणत्या शाखेवर कोणती कारवाई झाली हे आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचले. ओहायोत २०२१ च्या 'कॉलिन्स लॉ' या छळविरोधी कायद्यानुसार हे जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि डिसेंबर २०२४ मधील संघीय कायद्यामुळे आता देशभरच्या महाविद्यालयांना असे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात. हे वाचल्यावर त्याच्या मनातल्या तीन शाखांपैकी एक त्याने स्वतःच वगळली. रश करणाऱ्या मुलाने प्लेज काळाचे वेळापत्रक लेखी मागावे. चांगली शाखा ते देते, आणि जी 'ते सांगता येत नाही' म्हणते तिचे दार तेथेच बंद करावे. फी किती, विम्याचे किती, मध्येच सोडले तर काय परत मिळते, हेही आधी विचारावे, कारण अलाबामा-मिसिसिपीकडे एका सत्राचा आकडा हजारो डॉलरांत जातो.

गोदाकाठताई, पहिल्या वर्षी नको, हे आपले म्हणणे मला पटते, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाने २०१२ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बंदी केली होती ती याच विचाराने. पण जेथे विद्यापीठाचा असा नियम नाही तेथे बहुतेक जागा पहिल्या वर्षाच्या मुलींनीच भरतात, आणि दुसऱ्या वर्षी आलेल्या मुलीला बिड मिळणे पुष्कळ कठीण जाते. 'एक वर्ष थांब' म्हणताना हेही तिला स्पष्ट सांगावे, म्हणजे आपण तिला नक्की काय सोडायला सांगत आहोत ते तिला ठाऊक असेल.