मदत हवी आहे: बहिणीला स्तनाचा कॅन्सर, मी कोणत्या सवयी बदलू?

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो चालू आहे. मी पंचेचाळिशी ओलांडलीय, पाळी अनियमित झालीय, वजन वाढलंय आणि काम दिवसभर बसून. सख्ख्या बहिणीला झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट धरतात हे वाचल्यापासून मनात सतत तेच चालू असतं. म्हणून विचारतेय.

वाचून जे कळलं ते आधी लिहिते. सगळ्यात ठाम पुरावा दारूबद्दलचा दिसला. रोजच्या १० ग्रॅम अल्कोहोलमागे, म्हणजे एखाद्या लहान पेल्यामागे, धोका सुमारे ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. वाइन असो की बिअर, फरक नाही. समारंभात कधीतरी घ्यायचे, ते बंद केलं.

वजनाचं कारण मला नव्याने कळलं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन मुख्यतः बीजकोशांत तयार होतं. पाळी गेल्यावर ते चरबीत तयार होतं, कारण तिथलं अरोमटेज नावाचं विकर दुसऱ्या हार्मोन्सपासून इस्ट्रोजेन बनवतं. जास्त इस्ट्रोजेन म्हणजे या कॅन्सरचा जास्त धोका, म्हणून याच वयात वाढलेलं वजन जास्त महागात पडतं.

आता माझे प्रश्न. नुसतं चालून भागेल का? अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने जाग येते, त्यावर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात की नाही? तपासणी कधीपासून?

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलंय तो प्रश्न. ताई कधी दारूला शिवली नाही, अंगाने सडपातळ, रोज चालणारी, दोन्ही मुलांना वर्षभराहून जास्त अंगावर पाजलेलं. ती मला विचारते, "मग माझं काय चुकलं?" मी घरात व्यायामाचं, वजनाचं बोलायला लागले की ती गप्प होते. तिला काय सांगू?

प्रतिसाद: स्त्रीरोगतज्ज्ञ

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमच्या बहिणीचं काही चुकलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्याच माहितीनुसार या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये बाई असणं आणि वय वाढणं यापलीकडे ठरावीक कारण सापडत नाही. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, स्तनांची घनता जास्त असणं हे तर कुणाच्याच हातात नसतं. चांगल्या सवयींनी शक्यता कमी होते, हमी मिळत नाही. अंगावर पाजण्याचंच घ्या. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी दिसला. फायदा खरा आहे, पण एवढ्यावरून कुणा एकीला होणार की नाही हे सांगता येत नाही.

गोळ्यांबद्दल. २००२ मध्येच अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त आढळला. आकडा भीतीदायक वाटतो. प्रत्यक्षात ती वाढ दर १०,००० बायकांमागे वर्षाला सुमारे ८ जणींची होती. त्यामुळे सरसकट "घेऊ नका" असं मी म्हणणार नाही. मात्र बहिणीचा आजार डॉक्टरांना आधी सांगा आणि हार्मोन नसलेली औषधं मागा, तीही मिळतात. स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका.

प्रतिसाद: स्वतः या आजारातून गेलेली

मला उपचारांच्या काळात सगळ्यात जास्त लागलं ते भेटायला येणाऱ्यांचं "तू बाहेरचं खायचीस का, टेन्शन घ्यायचीस का" हे विचारणं. जणू मी कुठेतरी कसूर केली होती. ताईंना असं विचारणाऱ्यांना दारातच थांबवा. डिओडरंट, घट्ट ब्रा असल्या गोष्टीही लोक सांगतील. त्यांनी कॅन्सर होतो याला भरवशाचा पुरावा नाही.

तुमचे बदल लपवू मात्र नका. त्यांनाच बरोबर घ्या. केमोत येणारा गळून गेल्यासारखा थकवा हलक्या व्यायामाने कमी होतो. माझ्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर माझी वहिनी रोज संध्याकाळी मला घेऊन निघायची, माझ्या चालीने. त्यात उपदेश नव्हता, सोबत होती. ते फार उपयोगी पडलं.

प्रतिसाद: व्यायाम शिकवणारी

चालण्याने नक्की भागतं, फक्त वेग हवा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारे व्यायाम. ताईंबरोबरचं हळू चालणं वेगळं धरा. कामात मध्येमध्ये उठत जा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला आणि दुसरा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. दुसरा तिने पुन्हा स्वतः वाचला. तपासणीचं तेवढं राहिलं. ताईची जनुकांची चाचणी झालेली नाही. आधी मी करून घेऊ का?

प्रतिसाद: स्त्रीरोगतज्ज्ञ

आधी शक्यतो त्यांची. आजार झालेल्या व्यक्तीत बीआरसीए-१ किंवा २ या जनुकांमध्ये दोष सापडला तर तुमच्यात नेमकं काय शोधायचं ते कळतं. तुमची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कधी आणि किती वेळाने, एमआरआय लागेल का, हेही त्यावर आणि ताईंना कितव्या वर्षी निदान झालं यावर ठरेल. भेटीला जाताना कुटुंबाची माहिती लिहून न्या: कुणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. बीजकोश, स्वादुपिंड, प्रोस्टेट आणि पुरुषांमधला स्तनाचा कॅन्सरही त्यात धरा. वडिलांकडची नाती बहुतेक जणी विसरतात, पण हा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. आणि भेट लांबली तरी गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव किंवा कातडी ओढल्यासारखी दिसली तर वाट पाहू नका, लगेच दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, तरीही.