मदत हवी आहे : ‘अप’मधील कोणती गाणी ऐकवावीत?

मांडवीकाठ : येत्या रविवारी पणजीत आमच्या श्रवणमंडळात आर.ई.एम. या अमेरिकी रॉक बँडच्या ‘अप’ या अल्बमवर मला बोलायचे आहे. १९९८ चा हा अल्बम मला प्रिय असला, तरी त्यातील चौदाही गाणी सारख्या तोलाची नाहीत आणि मधला भाग तर चांगलाच रेंगाळतो. कोणती गाणी ठेवावीत, ते कृपया आजच सांगावे.

डिचोलीकर : वेळ किती आहे? श्रोत्यांना हा बँड ठाऊक आहे का?

फोंड्याचा रसिक : माझे ऐकाल तर ‘अप’ बाजूला ठेवून १९९२ चा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ ऐकवा. ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला आणि उरलेल्या तिघांनी बऱ्याच ठिकाणी ड्रम मशीनवर काम भागवले. लग्नाच्या हॉलमध्ये समोर वाजणाऱ्या बँडवर नाचलेल्या गोवेकराला ते निर्जीवच वाटणार.

मांडवीकाठ : विषय जाहीर झाला आहे, तो बदलता येणार नाही. बोलणे धरून अर्धा तास मिळेल. बहुतेकांनी ‘लूझिंग माय रिलिजन’ एवढेच ऐकले आहे.

सासष्टीकर : जोई वॉरोंकर आणि बॅरेट मार्टिन यांनी या अल्बमवर ड्रम वाजवलेले आहेत, त्यामुळे सगळे खापर यंत्रावर फोडणे बरोबर नाही. सुरुवात ‘अ‍ॅट माय मोस्ट ब्यूटिफुल’ने करा, बीच बॉईज या जुन्या अमेरिकी बँडच्या वळणाचा त्यातला पियानो आणि एकमेकांवर चढवलेले आवाज चर्चच्या कॉयरमध्ये तयार झालेल्या कानांना परके वाटणार नाहीत. मग ‘डेस्लीपर’. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे आणि कळंगुटच्या हॉटेलात रात्रभर रिसेप्शन सांभाळणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘वॉक अनअफ्रेड’ तर हवेच. तिन्ही मिळून सुमारे बारा मिनिटे होतात.

डिचोलीकर : आणि ‘होप’? त्याची चाल कॅनडाचे गायक-गीतकार लेनर्ड कोहेन यांच्या ‘सुझॅन’ या गाण्याशी इतकी जुळते की बँडने श्रेयात त्यांचेही नाव घातले. बोलायला याहून चांगला मुद्दा कुठला?

फोंड्याचा रसिक : ‘होप’चा ठेकाही इलेक्ट्रॉनिकच आहे, हे नमूद करतो.

जुनी सीडी : गाण्यांचे सगळे शब्द आर.ई.एम.ने पहिल्यांदा याच अल्बमच्या पुस्तिकेत छापले. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशा पुस्तिकांना बुरशी लागते, म्हणून त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात.

मांडवीकाठ : पुस्तिका सुरक्षित आहे. चारही गाणी घेतो. शेवटी ‘होप’ की ‘वॉक अनअफ्रेड’?

सासष्टीकर : ‘वॉक अनअफ्रेड’. शेवटी ‘होप’ लावलेत, तर मंडळी कोहेनवरच बोलत बसतील.