बाबांच्या किडनीचं पथ्य: खात्रीची माहिती वाचायला कुठं भेटेल?

घाटंजीची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबांना शुगर जुनीच आहे, आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्त नीट गाळते का ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं, २.१ आलं. यवतमाळला दाखवलं, डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि पथ्य सांभाळा म्हणाले, पण मागं एवढी रांग होती की पथ्य म्हणजे नेमकं काय हे विचारायला वेळच भेटला नाही. घरी आल्यापासून जो येतो तो वेगळंच सांगून राहिला. आत्या म्हणते डाळ पूर्ण बंद करा, शेजारचे काका म्हणतात रोज शहाळं पाजा, वॉट्सॅपवर कोथिंबिरीच्या काढ्यानं किडनी धुवून निघते असा व्हिडिओ फिरून राहिला, जावयांनी सैंधव मिठाचं पाकीट आणून दिलं की हे चालते म्हणून, आणि आई रोज सकाळी मला विचारते की आज भाजी कोणती टाकू. बाबा अजूनही वावरात जातात, त्यांना उपाशी तर नाही ना ठेवता येत.

मुंबईचा मावसभाऊ सांगत होता की तिकडं फोर्ट भागात डॉक्टर मालपाणी नवराबायकोनं १९९७ साली खास पेशंट लोकांसाठी लायब्ररी काढली होती, हेल्प नावाची, कोणीही यावं आणि आपल्या आजाराबद्दल फुकट वाचावं अशी. तसं काही आपल्या इकडं आहे का? यवतमाळ, वर्धा, नागपूर कुठंही चालेल, मी जाऊन येईन. आणि नसेल तर कोणत्या पुस्तकावर किंवा साइटवर भरवसा ठेवायचा हे ओळखायचं कसं? बाबांना मराठीच वाचता येतं, तेही मोठ्या अक्षरातलं.

पऱ्हाटीवाला:
ताई, माह्या सासऱ्याच्या टायमाले आमच्या घरी बी असंच झालतं, दहा लोकं अन् बारा पथ्यं. मले पुस्तकाचं काई सांगता येत नाई पण व्हिडिओचं सांगतो. पांढरा कोट घातलेला मानूस असला म्हून तो डॉक्टर नसते. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा, शेवटी फोन नंबर अन् पावडरचा डब्बा दिसला की त्यानं आधी जे सांगतलं ते सारं तो डब्बा खपवाले सांगतलं असं समजा. काढा बिढा काई देऊ नका बाप्पा, डॉक्टरले विचारल्याबिगर.

वाचनालयातली_ताई:
ताई, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालय पाहते, ड वर्गाचं, दोन खोल्यांचं. आमच्याकडं एक आरोग्याचं कपाट आहे म्हणून लिहिते आहे, जरा लांबेल.

मुंबईसारखी नुसती पेशंट लोकांसाठीची मोठी लायब्ररी तुमच्या तालुक्यात शोधत बसू नका. मेडिकल कॉलेजच्या लायब्ऱ्या आहेत, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, नागपूर, पण तिथली पुस्तकं शिकणाऱ्या पोरांसाठीची, जाडजूड इंग्रजी, ती वाचून घरच्या माणसाला फक्त भीती वाटते. तुम्हाला पाहिजे ते काम गावच्या वाचनालयात होऊ शकते आणि त्याला फार पुस्तकं लागत नाहीत. लागतो तो एक माणूस, जो तुमचा प्रश्न नीट ऐकून घेईल, त्याचं पान काढून देईल आणि स्वतः डॉक्टरकी करणार नाही. मी हे कपाट सांभाळते ते याच गोष्टीसाठी. आमच्याकडं कोणी आलं की मी आधी प्रश्न त्याच्याच शब्दात कागदावर लिहून घेते. "किडनीची माहिती द्या" असं म्हटलं तर हातात येते ती सगळ्यांसाठीची माहिती. "वय ६२, शुगर आहे, क्रिएटिनिन २.१, डायलिसिस नाही, डाळ किती खावी" असं म्हटलं तरच उपयोगाचं पान सापडते. कारण एकाच आजाराच्या दोन पेशंटचं पथ्य उलट असू शकते, आणि पुस्तकातलं वाक्य खरं असूनही तुमच्या बाबांसाठी चुकीचं ठरू शकते.

आता ओळखायचं कसं. मी पहिले साल पाहते. आरोग्याच्या पुस्तकाला साल नसेल तर ते कपाटात ठेवतच नाही. उदाहरण सांगते, ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये बदललं, सोडियम लिटरमागे ९० मिलिमोलवरून ७५ वर आणलं, आणि आमच्याकडं दान आलेल्या जुन्या पुस्तकांत जुनंच प्रमाण छापलेलं होतं. दात्याला वाईट वाटते पण ती पुस्तकं बाजूला काढावीच लागतात. मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो, शरीर कसं चालते हे समजून घ्यायला चांगला आहे, पण खंडांमधल्या बऱ्याच नोंदी जुन्या, त्यातून औषध उपचार ठरवू नका. मग पाहायचं लिहिणाऱ्याचं शिक्षण कशातलं, आणि तो काही विकतो का. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "हे कोणी करू नये" असं त्यात कुठं लिहिलं आहे का. सगळ्यांना चालते, काहीच अपाय नाही, असं लिहिणारं पुस्तक मी लगेच खाली ठेवते.

खाण्यापिण्याबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं काम सगळ्यात भरवशाचं. मे २०२४ मध्ये आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि त्यांनी मिळून भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या, साइटवर फुकट आहेत. कोणत्या धान्यात भाजीत काय किती असते त्याचे तक्तेही त्यांचेच आहेत, २०१७ चे, ५२८ पदार्थांचे. आम्ही त्यातली आपल्याकडची पानं, ज्वारी, तूर, जवस, अंबाडी, शेवगा, असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून भिंतीवर लावलं आहे.

अजून एक. आमच्या रजिस्टरमध्ये आरोग्याच्या पुस्तकापुढं वाचणाऱ्याचं नाव लिहीत नाही. गाव लहान, टीबी, एचआयव्ही, पाळीचे त्रास, कोणी काय वाचलं हे सांजच्याला पारावर पोचते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. एवढ्या बायका गप्प बसून सोसत होत्या. त्यातल्या एखादीला दुपारी सामसूम असताना पुस्तक उघडून पाहावंसं वाटलं तर तिला नाव लिहा म्हणणं मला पटत नाही.

आहारवाली:
मी एका सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. वाचनालयवाल्या ताईंनी खूप चांगलं लिहिलं, फक्त एक जोडते. त्या १७ सूचना मुख्यतः निरोगी माणसांसाठी आहेत. किडनीच्या पेशंटनं त्या जशाच्या तशा धरू नयेत. त्यात फळं, पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे भरपूर सांगितलेले असतात, आणि किडनी कमी काम करत असेल तर त्यातलंच काही मोजून खावं लागते.

आता तुमच्या घरातल्या गोष्टींवर येते. डाळ पूर्ण बंद करू नका. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या पेशंटला साधारण वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, नेमकं किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ३३ ते ४४ ग्रॅम. तुरीच्या कोरड्या डाळीत १०० ग्रॅममागे २२ च्या आसपास असते, म्हणजे ३० ग्रॅम डाळीच्या वरणातून साडेसहा. ज्वारीतही १०० ग्रॅममागे १० च्या आसपास असतेच. डाळ, दूध, अंडी सगळं तोडलं की वयस्कर माणूस खंगते, मांड्या दंड वाळतात. आणि तुमच्या आत्यानं ज्यांना पाहिलं ते कोणत्या टप्प्याचे होते ते विचारा, कारण डायलिसिस सुरू झालं की उलट प्रोटीन वाढवायला सांगतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम.

शहाळं सध्या थांबवा. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, बाहेरून काही दिसत नाही. सैंधव मिठानं काही साधत नाही, तेही सोडियमचंच मीठ आहे, आणि साध्या पाकिटात आयोडीन असते तेही बऱ्याचदा त्यात नसते. पण त्याहून जपा ते "लो सोडियम" लिहिलेल्या मिठाला, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असते. साधंच मीठ, दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि यात लोणचं, पापड, सांडगे, ठेचा, भाजीतला खायचा सोडा सगळं धरायचं. आपल्या इकडं भाजीत मीठ कमी करतात आणि बाजूला लोणच्याची फोड ठेवतात.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. वावरातून आल्यावर अंगदुखीची गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेत असतील तर बंद करा, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीला त्रास देतात, डॉक्टरांना विचारून दुसरी घ्या. आणि किडनी मंदावली की इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात, त्यात पथ्य म्हणून जेवण कमी केलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं अडखळलं तर लगेच साखरपाणी. बाबांच्या खिशात साखरेची पुडी असू द्या.

रिटायर_गुरुजी:
मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. माहिती वाचून पेशंट डॉक्टरसमोर वाद घालायला जातात असं मी पाहतो. कागदांचा गठ्ठा टेबलावर टाकला की डॉक्टर चिडतात आणि मग जे सांगायचं तेही सांगत नाहीत. खेड्यातल्या माणसानं एका डॉक्टरवर विश्वास ठेवावा, आणि आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर यांना विचारावं. पुस्तकं कशाला?

वाचनालयातली_ताई:
गुरुजी, आशाताई आणि सिस्टर आमच्या कपाटाच्या कामात आहेतच, कोणतं पुस्तक ठेवायचं हे ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी ठरवत नाही. आणि गठ्ठ्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून आम्ही वाचून झाल्यावर एकच कागद देतो, त्यावर वर चालू गोळ्यांची नावं आणि खाली जास्तीत जास्त तीन प्रश्न. "माझं पोटॅशियम किती आहे?", "दिवसाला डाळ किती?", "ही अंगदुखीची गोळी चालेल का?" असे. डॉक्टरला दोन मिनिटांत उत्तर देता येते. ज्याला प्रश्नच माहीत नाही तो रांगेत तीन तास बसून "पथ्य सांभाळा" एवढंच ऐकून घरी येते, ताईंचं तेच तर झालं. वाचलेलं डॉक्टरच्या विरोधात वापरायचं नसते, पण वाचल्याशिवाय विचारायचं काय हेच सुचत नाही लोकांना.

साकोलीची_माय:
गुरुजींना माझंही सांगते. माझ्या पोराला सिकलसेल आहे. रक्त कमी म्हटलं की जो तो लोहाची गोळी, बीट, गूळ सांगते. आमच्या सिस्टरनं एक छापील पत्रक दिलं त्यात वाचलं की सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी असते म्हणून नाही, आणि तपासल्याशिवाय लोह देऊ नये. त्यात हे पण होतं की पाणी भरपूर पाजा, थंडीत उघडं ठेवू नका, ताप आला तर घरी वाट पाहू नका. ते पत्रक मी भिंतीला चिकटवलं आहे, पाहुणे आले की त्यांनाच वाचायला लावते. डॉक्टर काही घरी येऊन सासूबाईंना समजावणार नाहीत ना.

घाटंजीची_लेक:
सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला पूर्ण वाचून दाखवलं. अंगदुखीची गोळी बाबा खरंच घेत होते, मेडिकलवाला मागितली की देऊन टाकते, आज काढून ठेवली. आहारवाल्या ताई, बाबांच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम कुठंच दिसत नाही. युरिया, क्रिएटिनिन, शुगर एवढंच आहे. मग भाजीचं काय करू? पालक, टमाटर, बटाटा सगळं बंद करू का?

आहारवाली:
तपासणीच झालेली नसेल. पुढच्या वेळी डॉक्टरांना सीरम पोटॅशियम लिहून द्या म्हणा, आणि त्यासोबत लघवीतल्या प्रोटीनची तपासणी, शुगरवाल्यांना ती लागतेच. भेट महिनाभर लांब असेल तर तेवढं थांबू नका, आधीच करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या भाज्या तोडू नका. दुधी, दोडके, पत्ताकोबी, काकडी अशा भाज्या जास्त ठेवा, पालक टमाटर कमी. बटाटा करायचाच असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, पोटॅशियम बरंच निघून जाते. त्या पाण्याची आमटी करू नका, तुमच्या आईला ते टाकून द्यायला जड जाईल म्हणून सांगून ठेवते. रिपोर्टमधला आकडा इथं टाका, नाव झाकून.

वाचनालयातली_ताई:
आणि ताई, तुमच्या गावात वाचनालय असेल तर तिथल्या ग्रंथपालाला मला मेसेज करायला सांगा. किडनीच्या पथ्याचं मोठ्या अक्षरातलं मराठी पान आमच्याकडं तयार आहे, डॉक्टरांनी तपासलेलं, त्याच्या प्रती पाठवते. बाबांसाठी एक, बाकीच्या तिथल्या कपाटात राहू द्या.