शिक्का काकांच्या खिशात
७५ वर्षं मतदान करूनही लोकशाही कागदावरच राहिली, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. १९५१-५२ ची पहिली निवडणूक घ्या, मतदार यादी करताना उत्तरेकडच्या कितीतरी बायका स्वतःचं नावच सांगेनात, अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई एवढंच, मग निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालणार नाहीत म्हटल्यावर जवळपास २८ लाख बायका यादीतून गळाल्या. म्हणजे सुरुवात कुठून झाली ते बघा!

१९९३ ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामपंचायतींसारख्या पंचायतींत बायकांना आरक्षण मिळालं, पण आवाज कायद्याने येत नाही ना. आमची काकू सरपंच झाली तेव्हा खुर्चीत काका आणि ती सहीपुरती, शिक्कासुद्धा काकांच्याच खिशात. दोन वर्षांनी ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाला, काका नेहमीसारखे उठून बोलायला लागले तर मागून एका म्हातारीने विचारलं, "सरपंच तू हायस का ती?" सगळे हसले, काका बसले (चिडलेच होते खरं तर), आणि काकू पहिल्यांदा उभी राहिली, थरथरत का होईना पण हिशोब तिनेच वाचला.

आता ती पदावर नाही, पण ग्रामसभेची नोटीस वेळेवर लागली नाही की ग्रामसेवकाला फोन तिचाच जातो.