'ग्राउंड'ला मराठीत काय म्हणावं?

तांबेपट्टी: स्वतः बनवलेल्या पीसीबीची, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या सर्किट बोर्डाची माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. बोर्डावर १६ बिटांचा एडीसी आहे, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मोजून आकड्यात देणारी चिप. बाकी सगळं जमलं, 'ग्राउंड'पाशी अडलोय. चिपला एजीएनडी आणि डीजीएनडी अशा दोन ग्राउंड पिना आहेत. मी 'ॲनालॉग भूमी' आणि 'डिजिटल भूमी' लिहिलं. बायको वाचून म्हणाली, सातबारा जोडलाय का?

कोशवाचक: 'भूसंपर्क' घ्या. तयार शब्द आहे.

सोल्डरबाबा: भूसंपर्क म्हणजे अर्थिंग. मीठ-कोळसा घातलेला खड्डा, उन्हाळ्यात ज्यात बादलीभर पाणी ओततात तो. मोबाइलच्या आत ग्राउंड असतोच, आणि तो खिशात फिरतो! बोर्डावरच्या ग्राउंडला दोन कामं. ज्याला शून्य व्होल्ट धरून बाकीचं मोजायचं ती पातळी, आणि चिपमधून गेलेला करंट सप्लायकडे परततो ती वाट. दोन्ही कामं एकाच तांब्याकडून करून घेतो, तिथे भांडण लागतं.

हिशोब करा. ३५ मायक्रॉन जाड तांबं, पाव मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर लांब ट्रॅक. रेझिस्टन्स साधारण ५० मिलिओहम. त्यातून डिजिटल भागाचे २० मिलिअँपिअर परतले की दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक. अडीच व्होल्टच्या रेफरन्सवर, म्हणजे एडीसी ज्याच्या तुलनेत मोजतो त्या व्होल्टेजवर, १६ बिटांची एक पायरी ३८ मायक्रोव्होल्टची. म्हणजे तुमचं शून्य २६ पायऱ्या सरकलं. याला भूमी म्हणता?

गवंड्याचा नातू: आजोबा निळीत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर रेघ मारत आणि खिडकी-दार सगळं तिच्यापासून मोजत. जमीन कशी का असेना, रेघ खरी. पहिल्या कामाला 'शून्यपातळी' म्हणा, दुसऱ्याला 'परतीची वाट'.

तांबेपट्टी: शून्यपातळी आवडला. पण मग चिपला शून्यपातळ्या दोन कशा? पहिल्या बोर्डात मी नावांवर विश्वास ठेवून तांब्याचे दोन तुकडे केले. एजीएनडी एकात, डीजीएनडी दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ लांब सप्लायच्या कोपऱ्यात. इनपुटची टोकं शॉर्ट केली तरी शेवटचे आकडे नाचत होते. शेवटी चिपच्या पोटाजवळ फटीवर डीसोल्डरिंग विकचा (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा) तुकडा आडवा डकवला, तेव्हा कुठे शांत झाले.

सोल्डरबाबा: नावाचाच घोटाळा! ती पिन चिपच्या आत कुठल्या भागाला जोडलीय, एवढंच ते नाव सांगतं. बाहेर कुठे जोडायची ते नाही. आतल्या तारा केसासारख्या बारीक, त्यांना इंडक्टन्स असतो, म्हणजे करंट झटकन बदलायला त्या अडवतात. डिजिटलचे झटके आणि ॲनालॉगचा करंट एकाच तारेतून गेले, तर शून्य आतल्या आत हलेल. म्हणून पिना वेगळ्या. बाहेर मात्र बहुतेक एडीसींच्या दोन्ही पिना चिपखालच्या एकाच अखंड प्लेनमध्ये, म्हणजे तांब्याच्या सलग थरात, आखूड अंतरात उतरवायच्या. आणि वेगवान सिग्नलचा परतीचा करंट ट्रॅकच्या बरोबर खालून येतो. तिथे फट असली की वळसा घालतो आणि वाटेत सगळ्यांना त्रास देतो.

कोशवाचक: पटलं. मग डिकपलिंग कपॅसिटर, चिपजवळ थोडी वीज साठवून ठेवतो तो? 'वियुग्मन धारित्र' सुचवतो.

सोल्डरबाबा: दातात अडकलं.

गवंड्याचा नातू: दाराशी रांजण. नळ पालिकेचा, पण तहान लागली म्हणून टाकीपर्यंत कोण जातं?

सोल्डरबाबा: वा! फक्त तो दारातच हवा. ०.१ मायक्रोफॅरडचा, प्रत्येक सप्लाय पिनेला खेटून, दुसरं टोक थेट प्लेनमध्ये. दोन सेंटिमीटर लांब बसवलेले पाहिलेत मी, नुसती शोभा.

तांबेपट्टी: तर असं लिहितोय: 'एजीएनडी आणि डीजीएनडी या दोन्ही पिना चिपखालच्या शून्यपातळीला जोडा.' रांजण कंसात टाकतो. बायकोला दाखवलं. शून्यपातळी कळली म्हणाली. आता विचारतेय, पिना साडीच्या का?