जुन्या ऑक्टेव्हिया आरएसचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप : काम सोलापुरात करावे की गाडी पुण्याला न्यावी?

सात रस्ता :

नमस्कार. माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, वीस व्हॉल्व्ह आणि १५० अश्वशक्ती असलेली ही गाडी मी तीन वर्षांपूर्वी पुण्यातील एका गृहस्थांकडून घेतली. आजवर ती १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. टायमिंग बेल्ट एकदा बदललेला आहे असे त्या गृहस्थांनी सांगितले होते. परंतु त्याचे बिल त्यांना सापडले नाही आणि मीही त्या वेळी आग्रह धरला नाही.

गेल्या महिन्यापासून कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी पंधरवड्यात वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत उतरते, मात्र जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. रविवारी बेल्टवरचे वरचे झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा पंपाच्या बाजूला इंजिनच्या अंगावर गुलाबी खरपुडी जमलेली दिसली. रंग वाळलेल्या डाळिंबाच्या रसासारखा होता आणि नखाने खरवडताच तिची पूड झाली. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे बारीक घरघरही ऐकू येते.

येथील एका मिस्त्रींचे म्हणणे असे की, बेल्टला चीर नाही, तेव्हा फक्त पंप बदलावा. दुसऱ्यांनी उन्हाळा काढून मग बघू, असे सुचवले. पुण्यातील एका ओळखीच्या गॅरेजने गाडी घेऊन या म्हटले आहे. मी कोणाचे ऐकावे, कोणते सुटे भाग घ्यावेत आणि अशा अवस्थेत गाडी अडीचशे किलोमीटर चालवत न्यावी का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ही गाडी मी हौसेने जपली आहे आणि तिचे इंजिन माझ्या चुकीने जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

यंत्रमागकर :

दादा, आमच्या कारखान्यात मागाचा पट्टा सरकला तर माग थांबतो, फार तर चार वार चादर वाया जाते. तुमच्या इंजिनातला दातेरी पट्टा सरकला तर नुकसान तेवढ्यावर थांबत नाही, कारण वर असलेले व्हॉल्व्ह आणि खालून येणारे पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येत असतात आणि त्यांची वेळ सांभाळण्याचे काम हा पट्टाच करतो. पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणजे पंपाचे बेअरिंग अडकले तर चांगला पट्टासुद्धा दात गमावतो किंवा पुलीवरून उतरतो. म्हणून उन्हाळा काढून बघू, हा सल्ला कृपया मानू नका. मार्च सुरू झाला आहे. पुढच्या महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जाईल आणि कूलंट कमी असलेले टर्बो इंजिन त्या उन्हात किती तापेल, याचा विचार करावा.

होटगी रोड :

मी स्वतः मिस्त्री आहे आणि याच घराण्यातील १.८ टर्बो इंजिने मी अनेकदा उघडली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही वर्णन केलेली गुलाबी खरपुडी म्हणजे पंपाच्या सीलमधून झिरपलेले आणि इंजिनच्या उष्णतेने जागच्या जागी वाळलेले कूलंट होय. म्हणूनच जमिनीवर थेंब पडत नाही. घरघर बेअरिंगची असण्याची शक्यता मोठी आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की पंपाचे आयुष्य संपले, असे मी धरतो.

केवळ पंप बदलणे हा या इंजिनात वेगळा मार्गच नाही. पंपापर्यंत पोहोचण्यासाठी पट्टा उतरवावाच लागतो आणि पट्टा उतरवण्यासाठी बाहेरचा रिब बेल्ट (खाचांचा साधा पट्टा), कूलंट व पॉवर स्टीअरिंगच्या टाक्या, ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक व त्यामागचे प्लास्टिक, खालची क्रँक पुली (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरची) आणि त्याच बाजूचे इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा आधार) एवढे सगळे काढावे लागते. नव्वद टक्के मजुरी या खोलण्या-जोडण्याची असते. एवढे काम करून जुना पट्टा परत चढवणे म्हणजे थोड्या पैशांसाठी तीच मजुरी पुन्हा भरण्याची तयारी करणे होय. शिवाय पट्ट्याला चीर नाही, यावरून तो चांगला आहे असे ठरत नाही. आतले धागे थकलेले असले तरी वरचे रबर काळेभोर दिसू शकते. रबर किलोमीटरने जसे झिजते तसे वयानेही कडक होते आणि बिल नसलेला पट्टा हा न बदललेलाच समजावा, असा माझा नियम आहे.

आता सुटे भाग. पट्टा, टेन्शनरची (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाची) रोलर पुली, तिला दाब देणारा हायड्रॉलिक दट्ट्या, पंप आणि त्याची रबरी रिंग असा पूर्ण संच एकाच नामांकित कंपनीचा घ्यावा. माउंटिंगचे बोल्टही नवे घ्यावेत, कारण ते ठरावीक टॉर्कनंतर (पिळण्याच्या जोरानंतर) आणखी कोन देऊन खेचून बसवायचे असतात आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. रिब बेल्ट हातात येतोच, तोही बदलावा. कूलंट काढलेलेच असते, म्हणून थर्मोस्टॅटही (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) त्याच वेळी बदलून घ्यावा. क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) यांच्या पुढच्या ऑइल सीलकडे बोट फिरवून पाहावे. बोटाला तेल लागले तर सील बदलल्याशिवाय नवा पट्टा चढवू नये, कारण तेल पिलेला पट्टा टिकत नाही.

काम कसे होते तेही सांगतो, म्हणजे तुम्ही शेजारी उभे राहून पाहू शकाल. इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंट सोडावे. माउंटिंग काढण्याआधी इंजिनला खालून जॅकचा आधार द्यावा आणि जॅक व ऑइल पॅन यांच्या मध्ये लाकडाची फळी ठेवावी. पुली काढण्यापूर्वी पहिला पिस्टन सर्वांत वर आणून क्रँक पुलीची खूण आणि कॅम पुलीची खूण आपापल्या ठिकाणी जुळवून घ्यावी. खालचे झाकण निघाले की क्रँकची मूळ खूण पाहायला राहत नाही, त्यामुळे दातेरी पुलीवर आणि ब्लॉकवर पांढऱ्या रंगाने आपली खूण करून ठेवावी. क्रँक पुलीचे चार बोल्ट काढले की पुली सुटते. मधला मोठा बोल्ट ढिला करण्याची गरज नसते. टेन्शनरचा दट्ट्या आत दाबताना अजिबात घाई करू नये. तो पाव पाव वळशाने सावकाश दाबावा आणि पिन घालून अडकवावा, कारण आतले तेल हळूहळूच सरकते आणि जोर केल्यास दट्ट्या निकामी होतो. नव्या दट्ट्याला पिन बहुधा लावलेलीच येते.

पंप तीन बोल्टवर बसतो. ब्लॉकवरची पंप बसण्याची जागा स्वच्छ पुसून, नवी रिंग कूलंटने ओली करून पंप सरळ बसवावा. त्यावर सिलिकॉन लावू नये. बोल्ट १५ न्यूटन मीटरवर टॉर्क पान्यानेच आवळावेत. हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळल्यामुळे ॲल्युमिनियमच्या पंपाचे कान तुटलेले मी पाहिले आहेत.

पट्टा चढल्यावर आणि पिन ओढल्यावर लगेच चावी फिरवू देऊ नका. क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायचे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून दोनच फेऱ्यांनी दोन्ही खुणा परत आपल्या जागी येतात. मध्ये कोठे पाना अडला तर तेथेच थांबावे. खुणा एका दाताने जरी हुकल्या तरी पट्टा उतरवून पुन्हा लावावा. हे दोन फेरे जो मिस्त्री न सांगता करतो, त्याच्याकडे गाडी द्यावी. शहर कोणते याला माझ्या मते तेवढे महत्त्व नाही.

भीमाकाठ :

होटगी रोडवरच्या दादांनी पूर्ण संच घ्यायला का सांगितले, ते माझ्या अनुभवावरून सांगते. माझी गाडी वेगळ्या कंपनीची होती, पण रचना अशीच होती. एका गॅरेजने पट्टा नवा घातला आणि मधली पुली गुळगुळीत फिरते म्हणून जुनीच ठेवली. मलाही तेव्हा पैसे वाचले असे वाटले. चौदा महिन्यांनी मोहोळच्या अलीकडे, महामार्गावर, आधी शिट्टीसारखा आवाज आला आणि मग इंजिन एकाएकी बंद पडले. नवा पट्टा तुटला नव्हता. पुलीचे बेअरिंग अडकून तो बाजूला उतरला होता. मी घाबरून दोन वेळा स्टार्टर मारला, ती चूक तुम्ही कोणी करू नये. इंजिनचे हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवले तेव्हा सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ पृष्ठभागावर ठेवून फिरवला की त्याचे डोके कसे डुलते, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुलीची किंमत त्या खर्चापुढे नगण्य होती.

तुमच्या गाडीला प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आहेत, एकूण वीस, आणि पट्टा उतरला तर तेही असेच वाकू शकतात. म्हणून दादा, पुण्यापर्यंत चालवत नेण्याचा विचार सोडून द्या. न्यायचीच असेल तर फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर) न्या.

सात रस्ता :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गाडी आजपासून बंद ठेवली आहे. आणखी दोन शंका आहेत. पंपाचा पंखा प्लास्टिकचा घ्यावा की धातूचा? आणि पहिल्या मालकांनी कोणते कूलंट वापरले ते ठाऊक नसताना आता कोणते भरावे?

चिंचवडवासी सोलापूरकर :

मी याच इंजिनाची दुसरी गाडी बारा वर्षे चालवतो आहे. या इंजिनांच्या जुन्या पंपांत प्लास्टिकचा पंखा असे आणि उष्णतेने ठिसूळ होऊन तो तडकल्याची किंवा दांड्यावर सैल फिरू लागल्याची उदाहरणे या गाड्यांच्या वर्तुळात सर्वांना माहीत आहेत. अशा वेळी गळती नसते, पट्टा फिरत असतो आणि तरीही पाणी खेळत नाही. चढावर काटा वर जातो तेव्हाच कळते. म्हणून मी धातूचा पंखा घेतला. मात्र अनोळखी डब्यातला धातूचा पंप घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा कोणताही पंप बरा, कारण शेवटी सील आणि बेअरिंगच टिकावे लागते. सुटे भाग मागवताना चॅसी नंबर द्या, केवळ गाडीचे नाव सांगू नका. मोडीत निघालेल्या गाडीचा टेन्शनर किंवा पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

कूलंटविषयी एक गोष्ट सोलापूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी. आपल्या बोअरचे पाणी जड आहे. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. या इंजिनाला जी १२ प्रकारचे गुलाबी कूलंट लागते. ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरावे. आधी कोणते भरले होते ते माहीत नसल्यास सगळे सोडून, डिस्टिल्ड वॉटरनेच आतून धुऊन मगच नवे भरावे. हिरवे आणि गुलाबी एकत्र केल्यास तपकिरी गाळ होतो आणि तो हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये अडकतो. आपल्याकडे थंडी पडत नाही, मग निम्मे कूलंट कशाला, असे काही जण विचारतात. ते गोठण्यापासून जसे वाचवते तसेच उकळण्यापासून आणि गंजापासूनही वाचवते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचीच गरज असते.

भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू द्यावे. रेडिएटरची खालची नळी गरम लागली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी खेळू लागले असे समजावे. गरम असताना टाकीचे झाकण उघडू नये. रात्रभर थंड झाल्यावर सकाळी पातळी पाहून उरलेले भरावे.

होटगी रोड :

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. एकच भर घालतो. या इंजिनात दातेरी पट्टा एकाच कॅमला फिरवतो आणि दुसरा कॅम पलीकडच्या टोकाला छोट्या साखळीने पहिल्याला जोडलेला असतो. त्या साखळीच्या बाजूला या कामात हात लावण्याचे कारण नाही; कोणी तेथील झाकण उघडू लागल्यास आधी कारण विचारावे. माझ्याकडे सध्या जागा नाही, परंतु जुळे सोलापुरातील एका मिस्त्रींचा क्रमांक तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. त्यांच्याकडे टॉर्क पाना आहे आणि ते वापरतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

सात रस्ता :

काम कालच पूर्ण झाले, म्हणून कळवतो. गाडी घरापासून फ्लॅटबेडवर नेली. सुटे भाग चॅसी नंबर देऊन मागवले, त्यांना नऊ दिवस लागले. काम दीड दिवस चालले आणि मी बहुतेक वेळ तेथेच होतो. मिस्त्रींनी खुणा पांढऱ्या रंगाने केल्या, पट्टा चढवल्यावर मला जवळ बोलावून पाना माझ्याच हातात दिला आणि दोन फेरे फिरवायला लावले. दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटी दोन्ही पांढऱ्या रेघा समोरासमोर आल्या तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मगच खालचे झाकण लावले.

जुना पंप घरी आणला आहे. पंखा प्लास्टिकचाच निघाला, एका पात्याला मुळाशी केसाएवढी चीर होती. दांडा बोटांत धरून हलवला तर खटखट वाजतो. जुन्या पट्ट्यावरची छापील अक्षरे पूर्ण पुसली गेली होती, त्यामुळे तो कधी घातला होता ते कळू शकले नाही. क्रँकचे सील कोरडे होते, म्हणून तसेच ठेवले. थर्मोस्टॅट बदलला.

आज सकाळी थंड इंजिनवर कूलंट बोटभर उतरले होते, तेवढे भरले. घरघर थांबली आहे. दुपारी तुळजापूर रस्त्याने घाट चढून आलो; काटा मध्यावरून हलला नाही. आठवडाभर रोज सकाळी पातळी पाहून नोंद ठेवणार आहे आणि पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.